क्लॅरिनेट: टिपेचे सूर पेटीशी जुळत नाहीत, मदत हवी

वेंगुर्लेकरीण
मंडळी नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सॉरी.

मी क्लॅरिनेट वाजवते. मामा लग्नाच्या बॅन्डात होते, गुडघे गेल्यावर त्यांनी बॅन्ड सोडला आणि त्यांचा क्लॅरिनेट माझ्याकडे आला. शिकले पण त्यांच्याकडूनच, नोटेशन बिटेशन फार नाही, सगळं कानावर. गेल्या वर्षापासून वाडीतल्या भजन मंडळात पेटीसोबत बसते. बुवा काळी पाचात (पेटीची पाचवी काळी पट्टी, म्हणजे बी फ्लॅट, हा सा धरून) गातात आणि ते माझ्या सोयीचं आहे कारण क्लॅरिनेट बी फ्लॅटचा, म्हणजे माझा सी तोच त्यांचा सा.

मधल्या सप्तकात काही तक्रार नाही. पण गजर चढला की पखवाज, झांजा आणि वीस-पंचवीस माणसांचे गळे, त्यात ऐकू जायचं तर मला बुवांच्या एक सप्तक वर वाजवावं लागतं आणि मग तार षड्जाच्या पुढे रे ग म प असं सगळं अगदी टिपेला जातं. तिथे माझी वाट लागते. रे आणि ग उतरतात, ग तर चांगलाच, मोबाइलच्या ट्यूनरवर २० सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली दाखवतो. म कसाबसा बरा. आणि पंचम उलटा चढतो, नाहीतर सरळ चिरकतो. ग वर आणायला ओठ आवळते तर आवाज बारीक होतो, डासासारखा. परवा गजरात पेटीने ग धरून ठेवला आणि मी पण, तेव्हा बुवांनी गाता गाता नुसतं माझ्याकडे वळून बघितलं. बोलले काहीच नाहीत, ते जास्त लागलं.

केलेले उपाय: नवीन रीड लावली (तोंडाशी थरथरणारी वेताची पट्टी, २ नंबर, मामा तीच वापरायचे). बॅरल (माउथपीसखालचा छोटा जोड) पूर्ण आत ढकललं, तर ग थोडा सुधारला पण मधले सूर सगळे चढले, विशेषतः नळीच्या गळ्याजवळचे, ते तर पेटीशी भांडायलाच लागले. गणपतीला पाच आठवडे राहिलेत. काय करू?

बॅन्डमास्तर कणकवली
रीड मऊ असा तुझी. २ नंबर रस्त्यावर वरातीत सहा तास फुंकूक बरी, मामांका तीच लागायची कारण चलत चलत वाजवचा असायचा. टिपेक मऊ रीड चेपता आणि सूर खाली येता, आणि तू ओठ आवळलंस की अजून चेपता. अडीच घे. एकदम तीनावर जाव नको, ओठ फुटतले.

आणि दोन गोष्टी सांग. चाव्यांची पद्धत बोहम की अल्बर्ट? जुन्या बॅन्डवाल्यांकडे अल्बर्ट असायचे, बोटां वेगळी पडतत. आणि वरच्या रे-ग क उजवी करंगळी लावतंस की नाय?

वेंगुर्लेकरीण
काका, १७ चाव्या मोजल्या आणि भोकांवर कड्या सहा आहेत, म्हणजे बोहम ना? काळा प्लॅस्टिकचा आहे, यामाहा. करंगळी म्हणजे? मामांनी वरच्या सुरांना उजवा हात मोकळाच ठेवायला शिकवलंय, रे ला फक्त पहिलं बोट.

बॅन्डमास्तर कणकवली
बोहमच. आणि थयच तुझो घोळ असा. पुढचा कोणीतरी नीट समजावून सांगात, माका टायपूचो कंटाळो.

वसईकर
सांगतो मी. वसईत आमच्याकडे लग्नाला आणि सणाला बॅन्ड लागतोच, मी पंधराव्या वर्षापासून क्लॅरिनेट धरलाय, आणि दिवसा कॉलेजात फिजिक्स शिकवतो त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवणं कठीण. चहा घेऊन बसा.

आधी एक प्रयोग कर, आत्ता, क्लॅरिनेट हातात घेऊन. अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं बंद, उजवा हात मोकळा, खालचा सी वाजव. हा झाला सा. तीच बोटं ठेवून अंगठ्याने रजिस्टरची चावी (मागची, सूर वर उडवणारी) दाब. बासरी असती तर जोरात फुंकल्यावर वरचा सा आला असता, क्लॅरिनेटमध्ये मात्र पुढच्या सप्तकातला पंचम येतो. आता चावी तशीच धरून डाव्या हाताचं पहिलं बोट उचल. काय आलं? गंधार. तोच तुझा उतरणारा टिपेचा ग.

एकाच बोटांवर सा, प, ग. कारण क्लॅरिनेटची नळी सरळ आहे आणि एक टोक रीडने बंद, म्हणून तिच्यात मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशी विषम पटींचीच कंपनं जोर धरतात. बासरी दोन्हीकडून उघडी म्हणून तिला दुप्पट जमते. सनईला पण रीडच आहे पण तिची नळी खाली रुंद होत जाते, म्हणून तीसुद्धा सा वरून सा वर जाते. तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गंधार. आणि हा पाचपटीचा गंधार तू आधीच ऐकलेला आहेस. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली की न छेडता जो गंधार कानात घुमतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच. तुझी नळी तुला स्वयंभू गंधार देतेय आणि तू बिचारी त्याला कणसूर समजून ओठ आवळतेयस.

आता भांडण कुठे आहे ते बघ. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, प्रत्येक १०० सेंटचा, म्हणजे सा पासून ग बरोबर ४०० वर. स्वयंभू गंधार पडतो ३८६ वर. १४ सेंट खाली. तुझे २० त्यातले १४ इथेच गेले, उरलेले ६ मऊ रीडचे आणि जिभेचे समज. (प्रत्यक्षात भोकांच्या जागा, बोअर (नळीची आतली पोकळी), माउथपीस यामुळे दर क्लॅरिनेटचा हिशोब थोडा वेगळा येतो, कागदावरचं गणित नळीला पाठ नसतं.) वरचे रे आणि म पण असेच पाचपटीतून निघतात, फक्त वेगळ्या खालच्या सुरांवरून, म्हणून तेही उतरायला बघतात.

उपाय बनवणाऱ्यांनी देऊन ठेवलाय. उजव्या करंगळीखाली ई फ्लॅटची चावी आहे, ती दाबली की खाली एक भोक उघडतं आणि टिपेचे सूर वर सरकतात. बोहमच्या बोटांच्या चार्टात वरच्या डी पासून पुढे ती जवळपास कायम दाबलेली असते. तर, अंगठा आणि रजिस्टर चावी धरलेलीच, डावं पहिलं बोट उघडं, मग:

रे म्हणजे डी: डावी मधली आणि अनामिका, उजवं पहिलं बोट, आणि करंगळी.
ग म्हणजे ई: तेच, फक्त उजवं पहिलं बोट उचल. करंगळी दाबलेलीच.
म म्हणजे एफ: ग सारखंच, वर डाव्या करंगळीने सी शार्पची चावी.
प म्हणजे जी: याला एक बोट नाही. चार्टात तीन-चार पर्याय सापडतील, सगळे वाजवून बघ, तुझ्या नळीवर जो पेटीशी जुळेल तो वहीत लिहून ठेव. दुसऱ्याचं उधार घेऊ नकोस.

आणखी एक, डावं पहिलं बोट उचलताना हवेत उडवू नकोस. भोकावरून किंचित खाली गडगडव, अर्धं उघड. सूर तुटत नाही, चिरकणं पण कमी होतं.

पंचम का चढतो? माझा अंदाज, ग ला वर ओढायला आवळलेले ओठ प ला पण तसेच राहतात. ग करंगळीने चढवलास तर ओठ सोडता येतील आणि प आपोआप खाली बसेल. ओठांचं काम जिभेला दे. मागची जीभ वर, 'ई' म्हणताना असते तशी. 'आ' म्हणताना पडते तशी पडली की टिपेचा सूर धपकन खाली येतो. हे पण करून बघ, ग धरून तोंडात हळूहळू ई चा ओ कर, सूर अर्धा-पाऊण स्वर सहज खाली घसरेल. टिपेला खाली वाकवता खूप येतं, वर ढकलता जवळपास येत नाही. म्हणून सूर वरच्या बाजूने लावायचा, खालून चढायला जायचं नाही.

आवळतेस की नाही ते तपासायला माउथपीस आणि बॅरल एवढंच जोडून फुंक. साधारण काळी तीन यायला हवी. चढली तर चावतेयस, उतरली तर ढिली आहेस.

आणि ते बॅरल पूर्वीच्या जागी आण बाई. ते ढकललं की सगळ्यात जास्त फरक गळ्याच्या सुरांना पडतो, कारण तिथे वाजणारी नळीच आखूड, तिच्यात एक मिलिमीटर पण मोठा. एका ग साठी अख्खं मधलं सप्तक विकलंस.

पेटीवाला
वसईकरांचं सगळं मान्य पण एक मुद्दा राहिला आणि तो माझ्या जातभाईचा आहे म्हणून मीच सांगतो. पेटीचा ग खरा कशावरून?

मी वीस वर्षं डबलबारीला (दोन बुवांच्या भजन सामन्याला) पेटी वाजवतोय. बुवा जेव्हा मन लावून आलाप घेतात तेव्हा त्यांचा ग माझ्या पेटीच्या गंधाराच्या खालीच लागतो, मला ऐकू येतं, आणि मी तिथे हळूच बोट उचलतो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली होती ती उगाच नाही, पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही आणि सूर समान तुकड्यांचे, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. पोट माझं पेटीवर आहे तरी सांगतो, त्या तक्रारीत तथ्य होतं.

तेव्हा ताई, बुवांनी तुमच्याकडे बघितलं ते ग उतरला म्हणून की पेटीशी चढाओढ झाली म्हणून, हे एकदा त्यांनाच विचारा. तुमचा ग बुवांशी जुळत असेल तर करंगळीची गरजच नाही, पेटीवाल्याला सांगा ग धरून बसू नको.

दुसरं. तुमची पेटी ४४० वर (ए म्हणजे ४४० हर्ट्झ, या ठरलेल्या मापावर) आहे का? जुन्या पेट्या असतीलच असं नाही, आणि भाता मारताना दाब बदलला तरी सूर किंचित हलतो. मोबाइलचा ट्यूनर ४४० धरून बोलतो, तो तुमच्या पेटीला ओळखत नाही. आधी पेटीचा सा मोजा, तो जितका वर-खाली असेल तितका ट्यूनर सरकवा, मग क्लॅरिनेट मोजा. आणि ट्यूनर सी च्या जागी बी फ्लॅट दाखवेल, घाबरू नका, बरोबरच आहे ते.

वसईकर
पेटीवाला, भावगीत असतं, अभंग संथ असता तर तुमचं शंभर टक्के ऐकलं असतं. पण गजर? वीस माणसं पेटीवर गळा टाकून गातायत, बुवा पण तोवर पेटीलाच धरून असतात. तिथे एकट्या क्लॅरिनेटने स्वयंभू गंधार लावला तर तो शुद्ध असूनही चुकीचाच ऐकू येणार. गजरात करंगळी दाबायची, आलापाच्या मागे वाजवताना सोडायची. हीच तर मजा आहे, एकाच नळीत दोन गंधार, करंगळी सांगेल तो.

पेटीवाला
हे चालेल. (पण आमच्या बुवांसमोर 'शुद्ध असूनही चुकीचा' असं म्हणू नका.)

दापोलीचा
मी क्लॅरिनेट वाजवत नाही, सॅक्स वाजवतो, पण हवेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. आपल्याकडे जागरणाला रात्री दहाला सूर लावतो तेव्हा वाद्य थंड असतं, तासाभराने नळी तापली की चढतं. हवा एक अंश तापली की फुंकवाद्याचा सूर साधारण ३ सेंट चढतो, नळीत आपला श्वास असतो म्हणून पूर्ण तेवढा नाही पण कळण्याइतका नक्की. पेटीच्या पितळी पट्ट्या मात्र उकाड्याने चढत नाहीत, झालंच तर किंचित उतरतात. म्हणजे मांडवात गर्दी आणि फोकस लाइट वाढले की दोघं एकमेकांपासून लांब जातात. आधी दहा मिनिटं नळीत नुसती गरम फुंक मारत बसा, मग पेटीशी लावा, आणि मध्यंतराला परत एकदा बॅरल बघा.

श्रावण-भाद्रपदात रीडला बुरशी येते ते वेगळंच. वाजवून झालं की रीड माउथपीसवर ठेवू नका, पुसून सपाट काचेवर वाळवा आणि मग डबीत. डबीत चपलांच्या खोक्यातली ती सिलिकाची पुडी टाका. वाकडी झालेली रीड टिपेला कधीच नीट बोलणार नाही, मग करंगळी लावा नाहीतर नवस बोला. प्लॅस्टिकची बॉडी आहे हे नशीब समजा, माझ्या मित्राचा लाकडी क्लॅरिनेट पावसात असा फुगतो की सांधे सोडवायला दोन माणसं लागतात.

वेंगुर्लेकरीण
दहा दिवसांनी परत आले, सगळ्यांना खूप खूप थँक्यू.

रिपोर्ट असा. पेटीचा सा मोजला, ४४० च्या हिशोबाने १२ सेंट वर निघाला. म्हणजे मी गेलं वर्षभर ट्यूनरला खूश करत होते आणि पेटी माझ्या डोक्यावरून चालली होती. आमच्या पेटीवाल्यांना सांगितलं तर म्हणाले, हो मग, माहितेय, ही पेटी आधीपासून चढीच आहे. वर्षभर माझ्या शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत.

माउथपीस-बॅरल फुंकलं तर काळी तीनच्या वर जात होतं, म्हणजे चावतच होते. आरशासमोर बसून रोज दहा मिनिटं तेवढंच फुंकलं, घरच्यांनी गाढव पाळलंय का विचारलं. आता काळी तीनवर येतं, नेहमी नाही, पण येतं.

सा-प-ग चा प्रयोग केला तेव्हा खरंच अंगावर काटा आला. रात्री तानपुऱ्याचं अॅप लावून तोच ग धरला, करंगळीशिवाय, आणि तो अॅपमध्ये विरघळूनच गेला, कुठे माझा संपतो आणि कुठे तानपुऱ्याचा सुरू होतो कळेना. मग करंगळी दाबली तर लगेच टोचायला लागला. दुसऱ्या दिवशी पेटीशी उलटं, करंगळी दाबली की बसतो. रे पण बसला. म साठी डावी करंगळी आणि उजवी करंगळी एकदम पडत नाहीये, मध्ये एक भलताच सूर चमकून जातो, होईल ते.

बुवांना धीर करून विचारलं. ते म्हणाले, "गो, मी ग बघूक नाय वळलंय, तुझ्या पाठसून पोरगो झांज चुकवी होतो." वर्षभराची नाही तरी दोन महिन्यांची झोप गेली माझी.

पंचम अजून नाही. पाच बोटं ट्राय केली, दोन बरी आहेत पण म वरून प ला जाताना हमखास चिरकतंय. मामांना फोन केला तर ते हसायलाच लागले, म्हणे पंचम तुला लावायला सांगितला कुणी, आम्ही तिथे पोचलो की एक सप्तक खाली उतरायचो आणि ट्रंपेटवाल्याला पुढे करायचो.

बॅन्डमास्तर कणकवली
मामा खरा बोलतत. मी पण तसाच करतंय, तीस वर्षां. कोणाक कळणा नाय.

वसईकर
मला कळतं. गणपतीला खाली उतर, हरकत नाही, पण बोटं लिहिलेली वही टाकू नकोस. अडीचची रीड आल्यावर परत ट्राय कर, २ वर तो पंचम निघत नाही यात नवल काहीच नाही.

वेंगुर्लेकरीण
तोच लास्ट प्रश्न. अडीचची रीड सावंतवाडी, कुडाळ दोन्हीकडे विचारून झालं, एकाने सनईची दाखवली. ऑनलाइन मागवली ती एका ठिकाणाहून आली पण तेनोर सॅक्सची. गणपतीच्या आधी मुंबईहून कुणी येणार असेल तर तीन-चार आणाल का, पैसे लगेच पाठवते.

निवांत
एवढे दिवस नुसता वाचत होतो. मी दादरला असतो, चतुर्थीच्या दोन दिवस आधी तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरतोय, रीड्स आणतो, स्टेशनवर या. फक्त तिकीट अजून वेटिंग ३८ आहे.